उपाशी कातडं

“बारा वर्सं झाली, बुवा. आता आणखी किती?”

सावळारामबुवांनी मान वर केली नाही. मांडीवर ताणून धरलेल्या बकऱ्याच्या कातड्यावरून त्यांची बोथट सुरी सर्र सर्र फिरत होती.

“कशाचं किती?”

“तुम्हास्नी ठावं हाय.”

बुवांना ठाऊक होतंच. त्या छपरात सावलीला येऊन बसणाऱ्या कुत्र्यालाही एव्हाना कळलं असेल, इतक्या वेळा मार्तंडाची नजर त्या कोनाड्याकडे जायची.

कोनाड्यात एक दगड होता. काळा, मुठीत मावणारा, खालून गुळगुळीत. पखवाजाच्या तोंडावर जी कातड्याची पुडी चढवतात, तिच्या मधोमध एक काळा गोल असतो. त्याला शाई म्हणतात. ती एका दमात लावून होत नाही. पातळसा थर द्यायचा, वाळत आला की दगडानं घोटायचा, मग त्यावर दुसरा. असे तीस-पस्तीस. दगड चांगला आणि हात चांगला, तर पुडी बोलते. नाहीतर कातड्याला काजळ फासलं, एवढंच.

तो दगड बुवांना त्यांच्या गुरूंनी दिला होता आणि गुरूंना त्यांच्या गुरूंनी. आता बुवांच्या बोटांना कंप सुटला होता. वर्षभरात त्यांनी स्वतः एकही शाई घोटली नव्हती. यंदा दगड दुसऱ्या हातात जाणार, हे माणदेशातल्या सगळ्या भजनी मंडळांनी धरून ठेवलं होतं.

आणि दुसरा हात म्हणजे मार्तंड. दुसरं होतंच कोण?

म्हणजे, तीन महिन्यांपूर्वीपर्यंत नव्हतं.

मग बायडा आली.

बायडा ही खाटकाची बायको. चाळिशीची, काटक, तोंडानं फटकळ. नवरा होता तोवर आठवड्यातून एकदा बुवांच्या छपराच्या दारात कातडी टाकून जायची. नवरा वारला, दुकान दिरानं घेतलं. एक दिवस ती आली, ती कातडी टाकून परत गेलीच नाही. आत येऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, “बुवा, मलाबी शिकवा.”

बुवा म्हणाले, “बस.”

बास. एवढंच. बस म्हणाले आणि झालं.

मार्तंड आला होता तेव्हा हा ‘बस’ निघायला आठ महिने लागले होते. आठ महिने तो दारात उभा राहिला, पाणी भरलं, कातड्यांचे केस सुटावेत म्हणून ज्या चुन्याच्या टाक्यांत ती भिजत घालतात त्या टाक्या उपसल्या. थंडीत हाताची सालं निघाली. तेव्हा कुठं बुवांनी हनुवटीनं जमीन दाखवली होती.

नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून मार्तंडानं पहिले नऊ दिवस काढले. पुढचे ऐंशी काही निघता निघेनात.

“बुवा, मी काय इचारलं?”

बुवांनी सुरी बाजूला ठेवली. मांडीवरचं कातडं उचलून मार्तंडाकडे टाकलं.

“हे बघ. कसलं हाय?”

मार्तंडाला बरं वाटलं. आता परीक्षा म्हणजे दगडाचीच बोलणी. त्यानं कातडं उजेडात धरलं, फिरवलं, टिचकी मारली.

“बकऱ्याचं. वर्षा-दीड वर्षाचं. पातळ, सगळीकडं सारखं. कुठं भोक न्हाई, गाठ न्हाई. पुडीला एक नंबर.”

बुवांनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि पलीकडे बसलेल्या बायडाकडे सरकवलं.

बायडानं ते उजेडात वगैरे धरलं नाही. गालाला लावलं. डोळे मिटले. मग अंगठा मानेपासून शेपटापर्यंत ओढत नेला.

“उपाशी मेलंय, बुवा.”

“कशावरनं?”

“कातड्याच्या आतल्या अंगाला एक झिल्ली असती. खाल्ल्यापिल्या बकऱ्याची ती सोलताना हाताला गार लागती, लोण्यावानी. ती खरवडून काढली तरी कातड्यात मऊपणा ऱ्हातो. ह्याच्यात काय बी न्हाई. नुसतं ताणलेलं.” तिनं मानेजवळचा भाग वर केला. “आणि ह्यो बघा दाव्याचा वळ. खुंट्याला बांधूनच उपाशी ठेवलंय. सोडलं असतं तर कुठं बांधावरचा पाला तरी ओरबाडला असता बिचाऱ्यानं.”

“एवढं सगळं कातडं सांगतंय व्हय?” मार्तंड हसला. हसू काही जमलं नाही.

“सांगतंय की, दादा. जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हणत्यात. कातड्याची मेल्यावरबी जात न्हाई.”

“मग वाजंल का न्हाई?” बुवांनी विचारलं.

“वाजंल की! उपाशी कातडं लई गोड वाजतं. जन्मभर ताणलेलंच असतंय ते. पण टिकायचं न्हाई. भर रंगात आलं की फाटंल.”

 बुवांच्या नाकातून आवाज आला.

“हं.”

मार्तंडाच्या काळजात कळ गेली.

बाहेरच्या माणसाला या ‘हं’चं काय मोल कळणार! बुवा कधी ‘वा’ म्हणायचे नाहीत. ‘शाबास’ तर त्यांच्या परंपरेतच नव्हता. काम मनासारखं झालं की नाकातून एक ‘हं’ निघायचा, तोही निघाला तर. मार्तंडाला बारा वर्षांत सात मिळाले होते. सातही त्याला तोंडपाठ. पहिला तिसऱ्या वर्षी, त्यानं अख्ख्या म्हशीच्या कातड्यातून एका रुंदीची वादी न तोडता कापली तेव्हा. सातवा दोन वर्षांपूर्वी, बापाचं तेरावं करून तो दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर झाला तेव्हा. तो ‘हं’ कामाचा होता की दुःखाचा, हे त्याला अजून उलगडलं नव्हतं. पण त्यानं तो मोजला होता.

बायडाला तीन महिन्यांत हा दुसरा.

त्या दुपारी मार्तंडानं भाकरी थापली ती एका बाजूनं करपली. छपरातली रीत ठरलेली होती. भाकरी मार्तंड थापायचा, बुवांना वाढायचा. बुवा जेवून लवंडले की मग उरलेलं तो खायचा. बारा वर्षांत ती रीत कधी मोडली नव्हती. बुवा करपलेली भाकरी मुकाट्यानं जेवले. करपली, असंसुद्धा म्हणाले नाहीत.

आणि तेच त्याला जास्त लागलं.

चार दिवसांनी डोंगरावरच्या मठातला माणूस पखवाज घेऊन आला. उजव्या तोंडाची पुडी उभी चिरली होती. उत्सव नऊ दिवसांवर. सात दिवस अखंड भजन असतं तिथं, पखवाज जमिनीवर टेकत नाही म्हणतात.

बुवा म्हणाले, “दोन पुड्या करा. एक तू, एक ही. बोलंल ती बसवू.”

“दोन कशापायी?” मार्तंड म्हणाला.

“एखादी फाटली तर?”

साधं कारण होतं. पण मार्तंडाला साधं ऐकू येण्याचे दिवस संपले होते. त्यानं ऐकलं ते असं: ज्याची पुडी बसेल, त्याचा दगड.

तयार कातडी दोनच होती. एक ते उपाशी बकऱ्याचं, दुसरं जरा जाडसर, दिसायला ओबडधोबड. मार्तंड जुना शिष्य, त्यानं आधी उचलायचं. त्याला ठाऊक होतं बायडा खरं बोलली होती. बारा वर्षं कातड्यात गेलेल्या माणसाला एवढं कळत नाही होय? कळत होतं. गोड तेच वाजणार होतं, म्हणूनच त्यानं ते उपाशी कातडं उचललं.

“दादा, ते नका घेऊ.”

“तू मला शिकवणार?”

“शिकवत न्हाई हो. सांगतीया.”

“तू दारात कातडी टाकून जात हुतीस, तवापासनं मी पुड्या करतुया, बाई.”

बायडा गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचाही त्याला राग आला. भांडली असती तर परवडलं असतं.

पुड्या ओवून झाल्या. शाईची वेळ आली. मार्तंडानं कनवटीचा आपला दगड काढला, पहिल्या वर्षी नदीतून उचलून आणलेला. बायडा हात बांधून बसली होती.

“काय गं?” बुवांनी विचारलं.

“माज्याकडं दगड न्हाई, बुवा.”

बुवा उठले. कोनाड्यापाशी गेले. तो दगड काढला, चिमूटभर राखेनं पुसला, आणि बायडाच्या तळहातावर ठेवला.

मार्तंडाचा हात थरावर होता. तो तसाच राहिला... थर वाळून गेला तरी त्याला कळलं नाही.

बारा वर्षं. बारा वर्षं त्या दगडाला त्यानं बोट लावलं नव्हतं. दसऱ्याला हळदकुंकू वाहायचा ते वरून सोडायचा, स्पर्श व्हायला नको म्हणून. आणि ही! आयत्या बिळावर नागोबा! तिनं तो धरला पण कसा, तर मसाल्याचा वरवंटा धरावा तसा.

त्याला वाटलं उठावं आणि ओरडावं. त्याला वाटलं रडावं. यातलं काहीच न करता तो घोटत बसला. पण नजर स्वतःच्या पुडीवर कुठली! कान तिच्या दगडाच्या आवाजाकडे. तिचा दगड फिरला की याच्या पोटात फिरायचा.

आणि ती घोटत चांगली होती. तेच तर वाईट होतं.

त्या छपरात एक नियम होता, बुवांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला: वादीला तेल, पुडीला राख. पखवाजाची दोन्ही तोंडं बांधून ठेवणाऱ्या ज्या वाद्या असतात, त्यांना करंजेल पाजावं लागतं, नाहीतर त्या कडक होऊन तुटतात. पण पुडीला आणि पुडीला लागणाऱ्या कुठल्याही वस्तूला तेलाचा थेंब चालत नाही. शाईचा थर तेलावर बसत नाही, खपलीसारखा सुटतो. म्हणून तेलाची वाटी एका टोकाला, शाई दुसऱ्या टोकाला. डोक्याला तेल लावून आलेला माणूससुद्धा त्या दिवशी पुडीला शिवत नसे.

चौथ्या दिवशी भर दुपारी बायडा नदीवर हातपाय धुवायला गेली. बुवा जेवून आडवे झाले होते, घोरत होते. दगड तिच्या अर्धवट पुडीशेजारी राखेत पडला होता.

मार्तंड उठला. वाटीत अंगठा बुडवला. दगड उपडा केला आणि त्याच्या तळाला अंगठा घासला.

दगड बारीक बारीक छिद्रांचा. तेल प्यायला. त्यानं परत अंगठा बुडवला. दगड परत प्यायला. तीनदा, चारदा. मग वरून राख चोळली. काळ्या दगडाला काय कळतंय! होता तसाच दिसायला लागला.

पोटात दुखत होतं मार्तंडाच्या, आणि उपचार चालला होता दगडावर. दुखणं हल्याला आणि डाग पखालीला म्हणतात ना, त्यातली गत.

पण खोटं कशाला बोला? त्याला बरं वाटलं. चांगले दोन दिवस बरं वाटलं. भाकऱ्याही टम्म फुगल्या.

सहाव्या दिवशी, बायडा घोटता घोटता दगड तापला आणि प्यालेलं तेल घामासारखं बाहेर आलं. तिच्या शाईची एक खपली उचलली गेली. मग दुसरी. तिनं सगळी शाई खरवडली, पुडी पुसली, परत पहिल्यापासून थर द्यायला घेतले. संध्याकाळी ते थरही सुटले.

ती कितीतरी वेळ पुडीकडे बघत बसली. मग दगडाकडे बघितलं. मग स्वतःच्या तळहाताकडे.

“हात कच्चा हाय अजून,” मार्तंड म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

बायडानं त्याच्याकडे पाहिलं. 

सातव्या दिवशी सकाळी मार्तंडाची पुडी पखवाजावर चढली. वाद्या ताणल्या. बुवांनी पखवाज मांडीवर घेतला, कापरा उजवा हात उचलला आणि एकच थाप दिली.

काय सांगावं! छपरातली धूळ हलली. आवाज असा लख्ख, असा गोड निघाला, की रस्त्यानं जाणारा एक मेंढका थांबून आत डोकावला.

बुवांनी डोळे मिटले. दुसरी थाप दिली. तिसरी.

“हं.”

आठवा.

मार्तंडानं वाट पाहिली. आता काहीतरी व्हायला हवं होतं. छाती भरून यायला हवी होती. बाकीचे सात त्यानं कसे उराशी धरले होते! या आठव्याला मात्र काही चवच नव्हती. माती खाल्ल्यासारखा तो तोंडात फिरत राहिला.

“गोड वाजतंय,” बुवा म्हणाले.

“व्हय, बुवा.”

“किती दिस?”

मार्तंड अंगावरची राख झटकू लागला.

“सात दिस अखंड भजन हाय तिथं. किती दिस टिकंल ही?”

“...तीन.”

“कातडं उचललंस तवा ठावं हुतं?”

“ठावं हुतं.”

बुवांनी पखवाज खाली ठेवला. बायडाकडे हात केला. “दगड दे.”

तिनं दिला. बुवांनी तो नाकाशी नेला. मग उपडा करून तळाला जिभेचं टोक लावलं. करंजेल कडू असतं. बुवांचं तोंड वेडंवाकडं झालं नाही. फक्त त्यांचा अंगठा त्या दगडावरून हळूहळू फिरत राहिला, आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.



बाहेर मेंढरं लांब गेली. त्यांचा आवाजही गेला...

“मार्तंडा, हात दे तुजा. उजवा.”

 कातड्याचं काम करणाऱ्याचा हात चुन्यानं आणि राखेनं कायम उललेला असतो. तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा भेगा असतात बोटांना. त्याच्याही होत्या, बारा वर्षांच्या. फक्त उजव्या अंगठ्याच्या भेगा तीन दिवसांपासून मिटल्या होत्या. अंगठा मऊ पडला होता. कातडं ओळखणाऱ्याला एवढं पुरे.

त्यानं हात पुढे केला. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बुवांनी तो हात स्वतः बघितला नाही. बायडाकडे सरकवला, त्या दिवशी कातडं सरकवलं होतं तसा.

“बायडा, हे बघ. कसलं हाय?”

बायडानं दोन्ही हातांत तो हात घेतला. डोळे मिटले. तिचा अंगठा मनगटापासून निघाला, तळव्यावरून गेला, बोटांवरून गेला आणि त्याच्या अंगठ्याच्या टोकाशी येऊन थांबला.

तिथंच थांबला... बराच वेळ.

तिनं डोळे उघडून मार्तंडाकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ही बोलली. आता संपलं. बारा वर्षं चुलीत गेली.

“उपाशी हाय, बुवा,” बायडा म्हणाली. “दाव्याला बांधून उपाशी ठेवलेलं.”

 मार्तंडानं हात ओढून घेतला, तोंडावर धरला, आणि एवढा बाप्या माणूस हमसून हमसून रडायला लागला.

“मी लावलं! तेल मी लावलं, बुवा. तिनं काय न्हाई केलं. मी लावलं.”

बुवा ऐकत होते.

“आठ महिनं मी दारात उभा हुतो. आठ महिनं! आणि हिला तुम्ही आल्या पावली ‘बस’ म्हणालात. मला काय दुखत नसंल? मी एकदा तरी काय मागितलं का? तुमी एकदा... एकदा नुसतं ‘चांगलं झालं, मार्तंडा’ म्हणाला असता, तर मी दगड मागितला नसता. आयुष्यभर मागितला नसता. आणि तो तुमी तिच्या हातात ठेवलात. माज्या डोळ्यादेखत. जळलो मी, बुवा. आतनं जळून गेलो.”

“तिच्याकडं दगड नव्हता,” बुवा म्हणाले.

बस, एवढंच म्हणाले. त्यात रागही नव्हता.



बुवांनी स्वतःचा उजवा हात पुढे केला.  बायडासमोर धरला.

“आता हे बघ.”

बायडा मागे सरकली. “बुवा, तुमचा हात मी कशी...”

“बघ म्हणतो न्हवं.”

तिनं भीत भीत हात घेतला. अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

“सांगू का?”

“सांग की.”

“भरल्या पोटाचं हाय,” ती म्हणाली. “लई वर्सं बसून जेवलेलं.”

बुवांनी हात मागे घेतला. तो उलटसुलट करून स्वतःच पाहिला. मग मार्तंडाच्या हाताकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या चुलीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. बारा वर्षं रोज त्यांच्यासाठी भाकरी थापली गेली होती ती याच परातीत.

“हं,” बुवा म्हणाले.

हा मार्तंडानं मोजला नाही.

बुवांनी शेजारी ठेवलेला तो दगड उचलला. मार्तंडाच्या मांडीवर ठेवला.

“घे. तुजा.”

मार्तंड त्याच्याकडे बघत राहिला. बारा वर्षं ज्याला त्यानं बोट लावलं नव्हतं, तो दगड मांडीवर पडला होता आणि धोतराला तेलाचा डाग धरत होता. आता तो कधीही कुठल्या शाईला लागणार नव्हता. तीन पिढ्यांचा दगड. त्याच्या एका अंगठ्यानं संपला होता.

त्यानं डोळे पुसले. कनवटीला हात घातला. स्वतःचा दगड काढला, नदीतला, बारा वर्षांत एका अंगाला झिजलेला. राखेनं पुसला, आणि बायडासमोर ठेवला.

“जाड कातड्याचीच पुडी घोट, अक्का. दोन दिस हाईत अजून. मी थर देतो, तू घोट.”

अक्का हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. बायडानं दगड उचलला. या वेळी तिनं तो दोन्ही हातांनी उचलला.

मार्तंडानं मांडीवरच्या दगडाकडे पाहिलं.

“आणि ह्याचं मी काय करू, बुवा? सांगा तरी. हे घेऊन मी आता करू काय?”

 त्यानं मान वळवली. बुवा जागेवर नव्हते. ते चुलीपाशी खाली बसले होते. थरथरत्या हातांनी शिंक्यातली दुरडी उतरवत होते. एक भाकरी खाली पडली, ती त्यांनी फुंकून घेतली. ताटलीत दोन भाकऱ्या ठेवल्या, कालवण ओतलं, त्यातलं थोडं सांडलं. मग ती ताटली दोन्ही हातांत धरून, एकेक पाऊल टाकत ते आले आणि मार्तंडासमोर वाकले.

“त्यो दगड ठेव खाली,” बुवा म्हणाले. “आधी जेव.”